बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूने

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



वर्धापन दिनाला या व्यासपीठावरून दरवर्षी जाणकारांची भाषणे होतात. यंदा समितीने आम्हा चौघा विद्यार्थ्यांना सांगितले, ‘तुम्ही बँकेत शिकायला गेला होतात ना, मग त्यावरच बोला.’ आम्ही दोन मुली आणि दोन मुलगे. चौघेही याच वस्तीतले, चौघेही वाणिज्य शाखेचे. भाषण चौघांनी बसून लिहिले आहे, वाचतो आहे त्यातला एक जण. तेव्हा ‘आम्ही’ म्हणतो ते मोठेपणासाठी नव्हे.

२०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाचा अनुभव आला. त्याला इंटर्नशिप म्हणतात. आमच्या वाट्याला १२० तास होते, म्हणजे रोज चार तास असे तीस दिवस. जागा मात्र ज्याची त्याने शोधायची. अर्ज घेऊन आम्ही दोन मोठ्या बँकांत गेलो. तिथे ‘वरून परवानगी आणा’ असे सांगण्यात आले. ते ‘वर’ म्हणजे कुठे, हे कोणी सांगेना. ज्यांचे वडील किंवा काका बँकेत असतात त्यांना ते ‘वर’ ठाऊक असते. आमच्या चौघांच्या घरात बँकेत नोकरीला कोणीच नाही. शेवटी नाशिकरोडच्याच एका सहकारी बँकेच्या शाखाधिकाऱ्यांनी अर्ज ठेवून घेतला आणि तिसऱ्या दिवशी या म्हणाले. बँकेचे नाव इथे घेत नाही, कारण पुढे चार चांगल्या गोष्टी सांगायच्या आहेत तशा काही बोचणाऱ्याही आहेत. २०२५ च्या मे-जूनमध्ये आम्ही तिथे होतो. विद्यावेतन नव्हते. दुपारचा चहा मात्र एकही दिवस चुकला नाही. शिपाई मामांनी पहिल्याच दिवशी आमचे चार कप वेगळे काढून ठेवले होते.

त्याच दिवशी आमच्याकडून गोपनीयतेचे लेखी घेतले. बँकेत जे दिसेल ते बाहेर बोलायचे नाही. त्यामुळे आज आम्ही कोणाचे नाव सांगणार नाही, रकमाही बदलून सांगणार आहोत. ऐकताना ‘ही अमक्याची गोष्ट तर नव्हे?’ असे शेजाऱ्याला विचारू नये, ही विनंती.

कामे तशी साधी होती. पासबुकं छापून द्यायची, व्हाउचर क्रमाने लावायचे, केवायसीचे अर्ज तपासून फायलीत घालायचे, फोन लावून लोकांना कागदपत्रं आणायला सांगायचं. रोखपालाच्या जाळीच्या आत आम्हाला प्रवेश नव्हता, आणि तो नसावाच. संगणकाचा पासवर्डही कोणी दिला नाही. पण दुसऱ्या आठवड्यात शाखाधिकारी साहेबांनी आम्हाला काउंटरच्या टोकाला एक टेबल टाकून दिलं आणि म्हणाले, ‘ज्यांना स्लिप भरता येत नाही त्यांना भरून द्या. गर्दी अडते.’ आमचं खरं शिक्षण त्या टेबलावर झालं.

आपल्या नाशिकरोडला नोटांचं अप्रूप नाही. भारतात नोटा छापायला १९२८ साली सुरुवात झाली ती इथल्या प्रेसमध्ये. प्रेसमध्ये नोकरी केलेला माणूस आपल्याकडे गल्लोगल्ली सापडतो. अशा गावात आपल्याच खात्यातली नोट काढायची स्लिप भरता येत नाही असे किती लोक असावेत? आम्हाला वाटलं होतं, दिवसाला दोन-चार. पगाराच्या आणि पेन्शनच्या आठवड्यात आम्ही सकाळी बसलो की दुपारपर्यंत मान वर करायला सवड मिळत नसे. त्यात निरक्षर म्हातारी माणसं होतीच, पण दहावीपर्यंत शिकलेल्या बायकाही होत्या. त्यांना तारीख लिहिता येते, खाते नंबर पासबुकातून उतरवता येतो, आकड्यात रक्कमही लिहिता येते. अडतं ते ‘अक्षरी’ या रकान्यापाशी. ‘सतरा हजार पाचशे’ हे अक्षरांत लिहायचं म्हटलं की पेन थांबतं. चूक झाली तर सगळ्यांसमोर स्लिप परत येईल, या धास्तीने त्या स्लिप आधीच दुसऱ्याच्या हातात देतात.

आणि स्लिप दुसऱ्याच्या हातात गेली की काय होऊ शकतं, ते आम्ही एके दिवशी समोर पाहिलं. एक आत्याबाई भाच्याला घेऊन आल्या होत्या. भाच्याने स्लिप स्वतः भरली, आमच्या टेबलाकडे आलाच नाही. आत्याबाईंनी अंगठा द्यायचा तेवढा बाकी होता. काउंटरवरच्या मॅडमनी शाईचं पॅड पुढे केलं नाही. त्यांनी स्लिप उलटी झाकून ठेवली आणि विचारलं, ‘आजी, किती काढायचेत?’ आत्याबाई म्हणाल्या, ‘दोन हजार, औषधाला.’ स्लिपवर वीस हजार होते. भाचा म्हणाला, ‘अहो, शून्य चुकून जास्त पडलं.’ अक्षरीतही वीस हजारच लिहिलेले होते. तिथे शून्य चुकून पडत नाही. मॅडमनी स्लिप फाडली, दुसरी स्वतः भरली, आत्याबाईंना रक्कम दोनदा म्हणायला लावली आणि मग अंगठा घेतला. भाच्याला त्या एक अक्षरही बोलल्या नाहीत.

आता याच मॅडमविषयी वस्तीत काय बोललं जातं ते आपल्याला माहीत आहे. ‘वाचता येत नाही का?’ ‘बोर्ड दिसत नाही का?’ असं त्या सर्रास बोलतात. आमच्यासमोर बोलल्या आहेत, आणि आम्हाला ते लागलं आहे. ज्याला वाचता येत नाही त्याला ‘वाचता येत नाही का’ विचारणं म्हणजे त्याचा सगळ्यांसमोर पंचनामा करणं. पण आतल्या बाजूने बसल्यावर हेही दिसलं की सहा जणांचं काम तिघं करतात, सर्व्हर बंद पडला की शिव्या काउंटरवरचा माणूस खातो, आणि अंगठा घेण्याआधी रक्कम तोंडाने विचारायची हा नेम त्या मॅडमनी गर्दीतही कधी मोडला नाही. गोड बोलणारे एक साहेबही तिथे होते. ते विचारत नसत.

त्यानंतर आम्ही स्लिप भरण्याची पद्धत बदलली. समोरच्याचं पासबुक घेऊन भराभर लिहून देण्याऐवजी कोरी स्लिप त्याच्यापुढे सरकवायची आणि अक्षरी रक्कम आम्ही वेगळ्या चिठ्ठीवर लिहून द्यायची, ती त्याने पाहून उतरवायची. वेळ जास्त लागला. साहेबांनी एकदा घड्याळाकडे बघितलं, पण थांबवलं नाही. एक मावशी तीन वेळा आल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी चिठ्ठी घरूनच आणली होती, मुलीकडून लिहून घेतलेली. चौथ्यांदा आल्या तेव्हा चिठ्ठी नव्हतीच.

दुसरी गोष्ट नॉमिनीची. आपल्याकडे सगळे त्याला ‘वारस’ म्हणतात. ‘खात्याला वारस लावला का?’ असंच विचारतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. खातेदार गेल्यावर बँकेने पैसे कोणाच्या हातात द्यायचे, एवढंच नॉमिनीच्या नावाने ठरतं. तो पैसा पुढे कायद्याप्रमाणे वारसांचा असतो. नॉमिनीने तो घेऊन ठेवायचा नसतो, वाटून द्यायचा असतो. भावाभावांची भांडणं यातूनच होतात.

आणि रकाना कोरा असला तर? कंपनीत कामाला असलेला एक माणूस वारला. त्याची ८५ हजारांची ठेव पावती पत्नीला पेटीत सापडली. नॉमिनीच्या जागी काही नव्हतं. ठेव ठेवताना ‘नंतर भरू’ म्हणून ती जागा तशीच राहिली असणार. ती ताई आमच्या तीस दिवसांत सहा वेळा आली. एकदा मृत्यूचा दाखला आणायला सांगितलं, मग सगळ्या वारसांच्या सह्या, मग जामीनदार, मग प्रतिज्ञापत्र. एक दीर सुरतेला, तो सही करायला येईना. खरं तर पत्नी आणि मुलं असताना दिराची सही कशाला, हा प्रश्न तिने विचारला होता आणि तो बरोबर होता. शेवटी बँकेच्या मुख्य कार्यालयानेही तेच सांगितलं. पण प्रत्येक खेपेला तिचा एक दिवसाचा खाडा होत होता. धुण्याभांड्याच्या कामात खाड्याचे पैसे कापतात.

यानंतर नियम सुधारले आहेत, तेही सांगितलं पाहिजे. रिझर्व्ह बँकेने २६ सप्टेंबर २०२५ रोजी मृत खातेदारांच्या दाव्यांविषयी निर्देश काढले. पूर्ण कागदपत्रं मिळाल्यापासून १५ दिवसांत बँकेने दावा निकाली काढायचा. नॉमिनी नसला, वाद नसला आणि रक्कम मर्यादेत असली, तर कोर्टाचा वारस दाखला मागत बसायचं नाही. ही मर्यादा सहकारी बँकांसाठी किमान ५ लाख आहे. बँकांना हे अमलात आणायला ३१ मार्च २०२६ ही शेवटची तारीख दिली होती. आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात, कोणाला किती टक्के तेही लिहिता येतं. त्याला पैसे लागत नाहीत. एक अर्ज लागतो.

इथे थोडं विषयांतर. बाबासाहेबांचा रुपयावरचा ग्रंथ १९२३ साली लंडनला प्रसिद्ध झाला, १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली, पुढे १ एप्रिल १९३५ ला रिझर्व्ह बँक सुरू झाली. हे या सभागृहात लहान मुलालाही पाठ आहे, आम्हीही वक्तृत्व स्पर्धेत ते घोकलं आहे. पण बँकेतून घरी आल्यावर आम्ही चौघांनी आपापल्या आईला विचारलं, तुझ्या खात्याला नॉमिनी कोण? चारपैकी तिघींना माहीत नव्हतं. चौथीने ज्याचं नाव सांगितलं, ते आजोबा वारून सात वर्षं झाली होती.

मुदत संपलेल्या पावत्यांचीही अशीच गत आहे. लोकांना वाटतं पावती जितकी जुनी तितकं व्याज जास्त. पावती आपोआप नव्याने चालू राहील अशी सूचना दिलेली नसेल, तर मुदत संपल्यानंतर तिच्यावर बचत खात्याचा दर किंवा पावतीवरचा दर, यातला जो कमी असेल तोच मिळतो. हा नियम जुलै २०२१ चा आहे. म्हणजे पेटीत जपून ठेवलेली पावती पेटीतच सुकत असते. तसंच, दोन वर्षं खातेदाराने स्वतः काही व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय होतं. लोक म्हणतात ‘खातं बंद पडलं, पैसे गेले.’ पैसे जात नाहीत, बचत खात्याचं व्याजही चालू राहतं, आणि १ एप्रिल २०२४ पासून ते पुन्हा चालू करायला बँक शुल्क घेऊ शकत नाही. दहा वर्षं कोणी फिरकलंच नाही तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, तीसुद्धा नंतर आपल्या बँकेकडून परत मागता येते.

तिसऱ्या आठवड्यात आम्हाला वसुली विभागात बसवलं. तिथे नोटिशीची पाकिटं भरायची होती. हे काम करताना आमचं तोंड कोरडं पडलं. पाकिटावर कर्जदाराचा पत्ता असतो, त्याच्याखालोखाल जामीनदारांचे पत्ते. दुसऱ्या दिवशी त्यांत आपल्या वस्तीतले पत्ते येऊ लागले. ज्यांना आपण काका म्हणतो, ज्यांच्या ओट्यावर लहानपणी खेळलो, त्यांची नावं. त्यांनी स्वतः एक रुपयाही उचललेला नव्हता. मित्राच्या, मेव्हण्याच्या कर्जावर त्यांनी सही केली होती, ‘नुसती सही तर करायचीय’ म्हणून. आम्ही पाकिटं भरली, चिकटवली आणि घरी येऊन गप्प बसलो. लेखी दिलं होतं. आज ते इथे सभागृहात बसले असतील किंवा नसतील. आम्ही कोणाकडेही बघत नाही आहोत.

पण कायदा काय म्हणतो ते सांगायला गोपनीयतेची आडकाठी नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, करारात वेगळं ठरलं नसेल तर. ‘आधी त्याच्याकडून घ्या, मग माझ्याकडे या’ असं म्हणायची सोय नसते. बँक थेट जामीनदाराकडे येऊ शकते. पगारदार माणूस सहकारी बँकेचं कर्ज किंवा जामीनकी घेताना पगारातून कपातीची संमती लिहून देतो. त्यावर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चं कलम ४९ लागू होतं आणि हप्ता पगारातूनच कापला जातो. म्हणूनच कायम नोकरीवाल्या माणसाला आपल्याकडे जामीनदार म्हणून इतकी मागणी! नात्यात नाही म्हणता येत नाही, हे आम्हाला समजतं. निदान सही करण्याआधी कर्ज किती, हप्ता किती, किती वर्षांचा, एवढं तरी विचारावं. आम्ही पाहिलेल्या बऱ्याच फॉर्मांवर जामीनदाराची सही होती आणि वरच्या रकमेचा रकाना दुसऱ्या शाईत होता. याचा अर्थ ज्याने त्याने लावावा.

बँक आणि पतसंस्था यांतला फरकही आम्हाला तिथेच कळला. पाटी सारखी, काउंटर सारखं, पासबुकाचं कव्हरसुद्धा सारखं. पण बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण आहे. आधी ते १ लाखापर्यंत होतं, ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांपर्यंत झालं. मुद्दल आणि व्याज धरून, एका माणसाला एका बँकेत. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. व्याज अर्धा-एक टक्का जास्त मिळतं म्हणून मुलीच्या लग्नाचे पैसे कुठे ठेवायचे, हे ठरवताना हा फरक माहीत असलेला बरा. सगळ्या पतसंस्था वाईट असं आमचं म्हणणं नाही. पाटीवर ‘बँक’ हा शब्द आहे का, एवढं वाचावं.

पिग्मीबद्दल थोडक्यात. बिटको चौकातल्या भाजीवाल्या मावशींसाठी बँक म्हणजे पिग्मी घेणारे भाऊच. त्या रोज पन्नास रुपये देतात, बँकेची पायरी वर्षातून एकदा चढतात. भाऊंच्या मशीनमधून पावतीची बारीक पट्टी निघते आणि मावशी तिच्यात मिरच्यांचा वाटा बांधतात! ती पट्टी महिनाभर ठेवून पासबुकाशी ताडून बघावी, इतकंच.

प्रशिक्षण संपल्यावर कॉलेजला चाळीस पानी अहवाल द्यायचा होता. त्यात बँकेचा इतिहास, संचालक मंडळ, ठेवींचे तक्ते, बलस्थाने आणि उणिवा, असे सगळे रकाने होते. आत्याबाईंची स्लिप त्यातल्या कोणत्याच प्रकरणात बसली नाही. आम्ही ती परिशिष्टात घातली. तोंडी परीक्षेला आलेल्या सरांनी नेमकं तेच पान उघडलं आणि पंधरा मिनिटं त्यावरच विचारलं. गुण चांगले मिळाले. नोकरी लागेल का, असं घरी विचारतात. सहकारी बँकेतली भरती जाहिरात आणि परीक्षा होऊन होते, चहाच्या ओळखीवर नाही. आमच्यातली एक जण त्या परीक्षेची तयारी करते आहे.

आता समितीने आम्हाला एक परवानगी दिली आहे, ती जाहीर करतो. येत्या रविवारपासून, दर रविवारी सकाळी दहा ते बारा, विहाराच्या मागच्या खोलीत आम्ही चौघे आळीपाळीने बसू. पासबुक आणावे, ठेव पावत्या आणाव्यात, बँकेतून केवायसीचे पत्र आले असेल तर तेही आणावे. पत्त्यात वा नावात बदल नसेल तर बहुतेक वेळा स्वतःच्या सहीचे निवेदनच पुरते. ते कसे लिहायचे ते दाखवू. नॉमिनीचे नाव पासबुकावर आहे का, पावतीची मुदत कधी संपते, हे एकत्र बघू. कोणाला जामीन राहायचे असेल तर फॉर्म आधी आणावा, सही नंतर करावी. एटीएमचा पिन आणि मोबाईलवरचा ओटीपी आम्हाला सांगू नये. आम्ही ओळखीचे आहोत, तरीही सांगू नये. कोणी हट्टाने सांगू लागले तर आम्ही कान झाकून घेऊ.

स्लिप आम्ही भरून देणार नाही, शेजारी बसून भरून घेऊ. कोऱ्या स्लिपांचा एक गठ्ठा शाखाधिकारी साहेबांनी सरावासाठी दिला आहे. पेनांची सोय समितीने करावी अशी विनंती आहे. बँकेतली पेनं दोरीने बांधलेली असतात, ती काही आणता आली नाहीत.